गैरहजर असल्यास चिठ्ठी बाद

“पुन्हा काढा! पुन्हा काढा!” असं सगळा हॉल टेबलं बडवत ओरडत होता, आणि त्या ओरडण्यात आपलाही आवाज आहे, चांगला खणखणीत आहे, हे पेइ-शानच्या लक्षात आलं तेव्हा तिच्या हातातल्या जेवायच्या काड्या अजून टेबलावर आपटतच होत्या. तिने त्या खाली ठेवल्या. कंपनीच्या वर्षअखेरच्या मेजवानीत सोडत असते आणि सोडतीचा नियम तैपेइतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. ज्याच्या नावाची चिठ्ठी निघेल तो हॉलमध्ये हजर पाहिजे. नसेल तर चिठ्ठी बाद, टोपलीत पुन्हा हात घालायचा. आत्ता नाव निघालं होतं लियांग-यूचं. तो पेइ-शानच्याच विभागातला, गुणवत्ता विभागातला, आणि गेल्या वर्षापासून पंगहू बेटावरच्या आपल्या घरून काम करणारा. स्टेजमागच्या मोठ्या पडद्यावर अशा घरून काम करणाऱ्या अकरा जणांचे अकरा चौकोन दिसत होते. त्यांचा आवाज बंद ठेवला होता. एका चौकोनात लियांग-यू दोन्ही हात वर करून खुर्चीतल्या खुर्चीत उड्या मारत होता, समोर कंपनीने कुरिअरने पाठवलेला जेवणाचा डबा उघडा होता. माइकवाल्याने एकदा पडद्याकडे बघितलं, एकदा लोकांकडे. “काय मंडळी, हा हजर धरायचा का?” दोनशे माणसं, शुक्रवारची दुपार, पोटात दोन-दोन ग्लास बिअर. कुणाच्या मनात लियांग-यूबद्दल तिळाएवढंही वाईट नव्हतं. मजा चालली होती, एवढंच. लियांग-यूही हसत होता. फक्त त्याचे वर गेलेले हात खाली यायला जरा वेळ लागला. मग टोपलीतून दुसरी चिठ्ठी निघाली आणि माइकवाल्याने सूर लावून वाचलं, “गुणवत्ता विभाग, त्सेंग पेइ-शान!”

ती स्टेजवर गेली, चेअरमनसाहेबांशी हात मिळवला, खोक्याला हात लावून उभी राहिली. खोक्यात हवेतला ओलावा शोषून घेणारं यंत्र होतं. ते नसलं की तैपेइच्या हिवाळ्यात कपाटातल्या बुटांना बुरशी येते. फोटो काढणारी मुलगी म्हणाली, “ताई, हसा की जरा!” आणि ती हसली. पाठीमागच्या पडद्याकडे मात्र तिने वळून बघितलं नाही. जागेवर येऊन बसते न बसते तोच शेजारची मेइ-यू, खरेदी विभागातली, तिच्या कानाशी लागली. “मजा आहे बाई एकेकीची. पंगहूचा समुद्र तैपेइत आणून आटवणार!” टेबलावरचे सगळे हसले आणि पेइ-शानही हसली, कारण न हसणं आणखी वाईट दिसलं असतं. चव्वेचाळिसाव्या वर्षी माणसाला एवढं कळतं, की सगळे हसत असताना जो हसत नाही तोच लक्षात राहतो, आणि नको त्या कारणासाठी राहतो.

तेवढ्यात कोंबडी आली. गुओसाहेबांनी, म्हणजे तिच्या विभागप्रमुखांनी, ताटली फिरवून बघितली आणि दरवर्षीचा विनोद केला. “हॉटेलवाले हल्ली डोकं काढूनच आणतात. आता कुणाला घरी पाठवायचं ते आमच्या चेअरमनना कळायचं कसं?” जुन्या काळी मालक कोंबडीचं डोकं ज्याच्या दिशेने फिरवून ठेवायचा त्याने समजायचं, की नव्या वर्षी आपण कामावर यायचं नाही. कुणालाच काढायचं नसेल तर डोकं छताकडे. तोंडाने काही बोलायचं नाही, आपलं मुकाट्याने जेवून उठायचं. वर्षाच्या पहिल्या मेजवानीला मिशीला पीळ आणि शेवटच्या मेजवानीला कपाळाला आठी, असं म्हातारी माणसं म्हणायची. पेइ-शानचे वडील चांगह्वाला चेनच्या कारखान्यात होते, पँटच्या आणि पाकिटांच्या चेन. मेजवानीच्या आधीचे आठ दिवस ते घरात कुणाशी धड बोलत नसत. ती सहा-सात वर्षांची असेल, तेव्हा एका वर्षी ते मेजवानीहून आले ते थेट तिला उचलून घेऊन अंगणभर नाचले होते. “छताकडे होतं! डोकं छताकडे होतं!” त्यांच्या शर्टाला दारूचा आणि आल्याचा वास येत होता. तिला काही कळलं नव्हतं, पण आई चुलीपाशी तोंडावर हात ठेवून रडते आहे हे दिसलं होतं, आणि त्या दिवसापासून तिच्या मनात एक भीती जाऊन बसली ती बसलीच. बापाने अख्ख्या नोकरीत एक खाडा केला नाही. आजोबा गेले त्या दिवशीही अर्धा दिवस भरून मग आले. घरात ही गोष्ट अभिमानाने सांगितली जायची आणि लहान पेइ-शान ती शाळेतही सांगायची.

गुओसाहेबांनी कोंबडीचा चांगला तुकडा तिच्या वाडग्यात ठेवला. मार्चमध्ये ते निवृत्त होणार होते. गोंगाटाचा आडोसा घेऊन ते हळूच म्हणाले, “घरून कामाचा अर्ज दिलास का गं?”

“नाही अजून.”

“देऊ नकोस. माझं ऐक. मार्चपर्यंत थांब. माझ्या जागेसाठी वर तुझं नाव मी दोनदा घातलंय. तू आहेस नि जिया-वेइ आहे. काम तुझं उजवं, त्यात वादच नाही. पण खुर्ची देताना माणूस डोळ्यांसमोर लागतो.” त्यांनी हनुवटीने पडद्याकडे दाखवलं. “त्या पोराचं काम काय वाईट आहे? सोन्यासारखं काम. पण बघितलंस ना आत्ता?”

“आणि मार्चनंतर दिला तर?”

“मार्चनंतर? अगं, मार्चनंतर तू प्रमुख. प्रमुखच घरी बसला तर कसं चालेल?” एवढं बोलून ते थांबले, आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं, आणि मग मोठ्याने हसून त्यांनी ग्लास उचलला. माणूस चांगला होता. बारा वर्षांत त्यांनी तिच्यावर एकदा आवाज चढवला नव्हता. तिने दोन्ही हातांनी ग्लास धरून त्यांच्या ग्लासाच्या कडेपेक्षा आपल्या ग्लासाची कड खाली राहील अशा बेताने टेकवला. ही कड किती खाली धरायची हे बोटांनाच माहीत होतं, मनाला विचारावं लागत नव्हतं.

कचेरी चार चौकांवर होती. खोकं जिया-वेइने खांद्यावर घेतलं होतं. नको म्हटलं तरी ऐकलं नाही. चौतिशीचा, धिप्पाड, घामेजलेला. वादळाच्या सुट्टीच्या दिवशीही कचेरीत येऊन बसतो म्हणून सगळे त्याची टिंगल करायचे, आणि टिंगल करता करता सगळ्यांना त्याचं नाव पाठ झालं होतं. नदीकडून गार वारा येत होता. आभाळ राखाडी आणि खाली आलेलं, पण पाऊस नव्हता. दुसऱ्या सिग्नलला तो अगदी सहज विचारल्यासारखं करत म्हणाला, “ताई, तुम्ही देताय का तो अर्ज?”

“बघू.”

“माझी बायको म्हणते, तू दे. बाळ चार महिन्यांचं आहे. मी घरी पोचतो तेव्हा ते झोपलेलं, निघतो तेव्हा झोपलेलं. ती म्हणते, त्याला वाटत असेल आपल्या घरी एक माणूस रविवारचा पाहुणा येतो.” तो हसला, खोकं एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतलं. “पण ताई, घरी बसलो तर चेअरमनना माझं नाव तरी आठवेल का? खरं सांगा.” इतके दिवस हा माणूस तिच्या मनात प्रतिस्पर्धी म्हणून होता आणि आत्ता त्याच्या मानेवरून ओघळणारा घाम बघताना तिला वाटलं, आपण दोघं एकाच भीतीचं ओझं वाहतो आहोत, फक्त याने आज खांद्यावर खोकंही घेतलं आहे. तिला त्याची दया आली आणि लगेच स्वतःचीही आली, आणि तो सगळा प्रकार तिला आवडला नाही.

टेबलाच्या खणात अर्ज होता. मुदत आज पाच वाजेपर्यंत. घरून काम करायची परवानगी हवी, तर अर्ज मात्र जातीने येऊन, कागदावर, सहीऐवजी आपल्या नावाचा शिक्का मारून द्यायचा. ही अक्कल कुणाची ते देव जाणे. नाव, विभाग, किती दिवस, कुठून. ‘कुठून’च्या रकान्यात तिने पंधरा दिवसांपूर्वीच पेन्सिलने लिहून ठेवलं होतं, ‘ग्वानशान, तायतुंग’, आणि पेन्सिलने लिहिलेलं खोडता येतं याचा आधार तिला पंधरा दिवस पुरला होता. ग्वानशानला योंग-शेंग होता. तिचा नवरा. लग्नाला बारा वर्षं झाली, त्यातली नऊ तो ग्वानशानच्या प्राथमिक शाळेत मास्तर आणि ती इथे. तो गेला तेव्हा एका वर्षाचीच गोष्ट होती. मग ती म्हणाली, हा जपानी ग्राहक मार्गी लागू दे. मग म्हणाली, ही बढतीची यादी लागू दे. महिन्यातून दोनदा पावणेचार तासांची गाडी, कधी त्याने यायचं, कधी तिने जायचं, आणि तिकिटं महिनाभर आधी पहाटे उठून काढायची. मूल झालं नाही. त्याबद्दल दोघं एकदा बोलले, मग बोलले नाहीत. आणि मधल्या काळात लोक विचारत, असं का गं राहता, तेव्हा तिच्याकडे उत्तर तयार असायचं: तिकडे माझ्या कामाचं काही नाही ना. ते उत्तर खरंच होतं. गेल्या ऑक्टोबरात कंपनीने परिपत्रक काढलं, की घरून कामाची मुभा आता मोजक्यांपुरती नाही, ज्यांचं काम कागदावरचं आहे त्या सगळ्यांना कुठूनही करता येईल. ते वाचताना तिला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. नऊ वर्षांची तयार सबब कुणीतरी तिच्या हातातून अलगद काढून घेतली होती.

तिचं काम कागदावरचंच. दुकानात किमतीचे बारकोड वाचणारी यंत्रं कंपनी बनवायची, ती कुठे कुठे बिघडायची, आणि ओसाकातून, हॅम्बुर्गमधून येणाऱ्या तक्रारींना पेइ-शान उत्तरं लिहायची: काय बिघडलं, का बिघडलं, पुन्हा बिघडू नये म्हणून काय केलं. साथीच्या वर्षी हवं त्याला घरून काम करायची मुभा मिळाली तेव्हा ती सहा आठवडे ग्वानशानला होती. त्या सहा आठवड्यांची आठवण ती क्वचितच काढायची, चांगल्या ताटल्या रोज वापरू नयेत तशी. सकाळी भाताच्या खाचरांवर धुकं असायचं. योंग-शेंग अंगणात बसून फोनवरून मुलांना भागाकार शिकवायचा आणि आत स्वयंपाकघराच्या टेबलावर ती हॅम्बुर्गला उत्तर लिहायची. दुपारी तो दोन वाडग्यांत शेवया आणायचा आणि काही न बोलता तिच्या कोपरापाशी एक ठेवून जायचा. तिने आयुष्यातली सगळ्यात चांगली उत्तरं त्या टेबलावर लिहिली. परत आली तेव्हा ओसाकाचा ग्राहक जिया-वेइकडे गेला होता. कुणी कट केला नव्हता. गुओसाहेब कॉफीच्या यंत्रापाशी उभे होते, जिया-वेइ तिथे होता, त्यांनी म्हटलं, हे तूच बघ ना. तीन वर्षं तिने जपलेला ग्राहक. ती चिडली नाही, तिने फक्त धडा घेतला. त्यानंतर तिने घरून एक दिवस काम केलं नाही. ताप असला तरी गोळी घेऊन यायची. खुर्चीच्या पाठीवर एक राखाडी स्वेटर कायमचा टाकून ठेवला, म्हणजे ती जागेवर नसली तरी इथेच कुठेतरी आहे असं वाटावं. दुपारी तीनला विभागातून चहा मागवायची टूम निघायची, कुणाला साखर कमी, कुणाला बर्फ नको. चहा नको असला तरी ती यादीत नाव घालायची. बोलणाऱ्याची माती विकली जाते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं, हे तिला आईने शिकवलं होतं. पण दिसण्याचंही तसंच आहे, हे ती आपलं आपण शिकली.

फोनवर लियांग-यूचा निरोप आला होता. “अभिनंदन ताई!!” आणि खाली नाचणारं अस्वल. तिने तीनदा लिहून खोडलं, मग लिहिलं, “ते यंत्र तुझं आहे. सोमवारी कुरिअरने पाठवते.” उत्तर लगेच आलं. “छे हो! इथे वारा एवढा आहे की दोरीवरचे कपडे वाळायच्या आत शेजारच्या बेटावर जातात. तुम्हीच ठेवा.” आणि मग थोड्या वेळाने, आधीचं पुरेसं हलकं झालं नाही असं वाटून असेल, आणखी एक ओळ. “मला माहीत होतं चिठ्ठी बाद होणार ते. उगाच हात वर केले. सवय!” ती त्या ओळीकडे बघत राहिली. हा मुलगा गेला तेव्हा सगळ्यांनी त्याला मानाने निरोप दिला होता. त्यानंतर वर्षभरात त्याच्याबद्दल कुणी वावगं बोललं नव्हतं. खरं म्हणजे त्याच्याबद्दल कुणी बोललंच नव्हतं. दृष्टीआड सृष्टी. आणि आज दोनशे लोकांना त्याच्याबद्दल एकदाच बोलायची वेळ आली तेव्हा ते काय बोलले? ती काय बोलली? आपला तो खणखणीत आवाज तिला पुन्हा ऐकू आला. बापाच्या वेळी निदान डोकं फिरवणारा एक मालक होता. आज मालक बिचारा कडेला उभा राहून टाळ्या वाजवत होता, काम सगळ्यांनी मिळून केलं होतं.

मग तिला आपलं ग्वानशानचं घर आठवलं. ठरवून आठवलं नाही. दारावरच्या पत्रपेटीवर योंग-शेंगने पहिल्याच वर्षी दोन नावं रंगवली होती, त्याचं आणि तिचं. दर वादळात रंग खरवडून जायचा आणि दर वादळानंतर तो पुन्हा दोन्ही नावं रंगवायचा. तिने एकदा म्हटलंही होतं, “अरे, तुझं एकच लिही, मला कोण पत्र टाकतंय इथे?” तो म्हणाला होता, “पत्रासाठी कुठे लिहितोय?” आणि ब्रश धुवायला निघून गेला होता. पोस्टमनपासून भाजीवालीपर्यंत त्या गावात तिला सगळे ‘मास्तरांची शान’ म्हणून ओळखायचे, आणि ती महिनाभर दिसली नाही तरी ओळखायचे. नऊ वर्षं ती तिथे गैरहजर होती आणि नऊ वर्षांत तिथे कुणी तिचं नाव बाद केलं नव्हतं. आणि ती हजेरी लावत होती ती इथे, जिथे स्वेटर काढला तर आठवडाभरात खुर्ची दुसऱ्याची. काखेत कळसा आणि गावाला वळसा, यापेक्षा वेगळं काय असतं?

या वेळी प्रश्न तिच्या एकटीचाही नव्हता. योंग-शेंगला मुख्याध्यापकांनी फेब्रुवारीपासून अभ्यासाचा प्रमुख व्हायला सांगितलं होतं. चार वर्षं तरी शाळा सोडता येणार नाही, सोमवारपर्यंत कळवा. त्याने तिला हे गेल्या आठवड्यात सांगितलं ते असं: “तू येणार असशील तर मी हो म्हणतो. नसशील तर मी बदलीचा अर्ज करून तैपेइकडे येतो. आता पन्नाशी जवळ आली, शान. कुणीतरी एकाने हलूया.” तिने म्हटलं होतं, “बघू.” तिच्या तोंडात तो शब्द आता इतका बसला होता, की शिंक यावी तसा तो यायचा.

सव्वाचार वाजले होते. तिने पेन्सिलच्या अक्षरांवरून पेन फिरवलं, ग्वानशान, तायतुंग, आणि जिन्यात जाऊन त्याला फोन लावला. पलीकडून मुलांचा गलका येत होता.

“अरे, बादली तिकडे ठेवा, तिकडे! हं, बोल. आज लवकर?”

“शाळा सुटली का?”

“सुटलीय. फरशी पुसून घेतोय या माकडांकडून. जेवण कसं झालं?”

“मी अर्ज देतेय.”

“कसला?”

“कसला काय! घरून कामाचा. फेब्रुवारीपासून येते. तू मुख्याध्यापकांना हो म्हणून टाक.”

पलीकडे दार लावल्यासारखा आवाज आला आणि गलका कमी झाला.

“शान, मी सकाळीच नाही सांगितलं त्यांना.”

“सोमवारपर्यंत मुदत होती ना?”

“होती. पण त्यांना दुसऱ्या कुणाला विचारावं लागणार, कशाला ताटकळत ठेवायचं? तू येणार नाहीस हे मला माहीतच होतं.” गाडीची वेळ सांगावी तसं तो सांगत होता. रागाचा लवलेश नव्हता, आणि तेच तिला झोंबलं.

“मला विचारायचं तरी एकदा!”

“विचारत होतो की. नऊ वर्षं.” मग समजूत घातल्यासारखं, “अगं, ठीक आहे. त्यांनी लगेच सहावीच्या बाईंना विचारलं, त्या हो म्हणाल्या. चांगल्या आहेत बाई. बदलीचा फॉर्म मी आणून ठेवलाय, वसंतात भरायचा. तैपेइजवळ सिंज्वांगला जागा निघतात म्हणे. गुओसाहेबांची खुर्ची मिळतेय ना तुला? मग झालं तर. दोघांपैकी एकाचं तरी नीट लागू दे.”

ती जिन्याच्या कठड्याला टेकली. खाली कुणीतरी हसत हसत दार ढकलून गेलं. आणि त्या क्षणी तिच्या आत एक शब्द उमटला, अगदी स्पष्ट, आणि तो शब्द होता, सुटले. आता काहीच करायला नको. अर्ज खणात राहील, मार्चमध्ये खुर्ची येईल, वसंतात तो येईल. तिच्या एका खोलीच्या घरात येईल, मागच्या ओल्या बाल्कनीत कुंड्या मांडेल, सिंज्वांगच्या तीस मुलांच्या गोंगाटातून रोज बसने परत येईल आणि एकदाही, जन्मात एकदाही म्हणणार नाही, की तिकडे माझी खाचरं होती. तिला तो तिथे बसलेला दिसला, पाठ जरा वाकलेली, हातात वाडगा. आपण सुटलो म्हणून आपल्याला आनंद झाला, हे तिला कळलं आणि तिला स्वतःची लाज वाटली, साधी, कान तापवणारी लाज, शाळेत चोरी उघडकीला आल्यावर वाटते तशी. त्याने पद सोडलं होतं ते प्रेमाने नव्हे, त्यागानेही नव्हे. त्याने तिचा नऊ वर्षांचा अनुभव जमेला धरला होता, इतकंच. तक्रारींच्या उत्तरांत ती स्वतः हेच लिहायची: यंत्र नेहमी याच ठिकाणी बंद पडतं.

“तो फॉर्म फाड,” ती म्हणाली.

“कुठला?”

“बदलीचा.”

“अगं, पण आता इथलं पद तर गेलं. तू तुझंही घालवून बसशील. तेलही गेलं, तूपही गेलं, असं नको व्हायला.”

“जाऊ दे पद. तू तुझी चौथी शिकव. मी येते.”

“आणि खुर्ची?”

“जाईल.” बारा वर्षं तिने त्या खुर्चीकडे बघून दिवस काढले होते. ती तिला खरोखर हवी होती, आत्ताही हवी होती, आणि ती नकोशी झाली आहे असं नाटक तिला स्वतःपुढेही करता येईना.

तो म्हणाला, “दिलास की फोन कर. दिल्यावर कर. आधी नको.”

तिसऱ्या मजल्यावर कर्मचारी विभागात एक तरुण मुलगी खिडकीशी बसली होती. मेजवानीतून आल्यामुळे तिचे गाल अजून लाल होते. तिने अर्ज घेतला, बोटाने एकेक रकाना तपासत खाली आली आणि थांबली.

“ताई, कारणाचा रकाना रिकामा आहे.”

पेइ-शानने अर्ज परत घेतला आणि उभ्या उभ्याच लिहिलं. मुलीने वाचलं, मान वर केली, आणि आपुलकीने पुढे वाकून हळू आवाजात म्हणाली, “‘नवऱ्याबरोबर राहायचं आहे’ असं नका लिहू हो. वरचे लोक हसतील. ‘कौटुंबिक अडचण’ लिहा. आजारपण, म्हातारं माणूस, असं काहीतरी. अडचण असली की लवकर मंजूर होतं, आणि पुढे बढतीच्या वेळीही कुणी मनात धरत नाही.”

“अडचण नाही गं काही,” पेइ-शान म्हणाली. “राहायचंय.”

मुलीने खांदे उडवले आणि तारखेचा शिक्का मारला. पेइ-शानने खाली आपला शिक्का मारला. नावाची एक बाजू फिकी उमटली, पण वाचता येत होतं. अर्ज मुलीपुढच्या गठ्ठ्यात गेला. एकूण पाचच अर्ज होते. बाहेरच्या बोळकांड्यात जिया-वेइ लिफ्टची वाट बघत उभा होता, त्याने तिला या दारातून बाहेर येताना बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर आधी सुटका आणि मग लगेच ओशाळलेपण आलं. तिने त्याला मान हलवून पुढे जायला सांगितलं. लिफ्टचं दार लागेपर्यंत ती थांबली. डोळ्यांत पाणी आलं होतं ते तिने पुसलं नाही, बघायला कुणी नव्हतं. मग तिने फोन लावला. पहिली घंटा पुरती वाजलीही नव्हती.

“दिलास?” योंग-शेंगने विचारलं.